पत्र्यापलीकडे

१

मद्रासमधल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ-कारखान्यांच्या मधल्या बोळात हंबीररावांची प्रयोगशाळा होती. पुढच्या दालनात वेल्डिंगचे जोड, बॉयलरचे तुकडे, पुलांचे बोल्ट असलं काय काय तपासायला येई. मागची खोली यामिनीची. तिला खिडकी नव्हती आणि भिंती हातभर जाड होत्या. एकदा दार लावलं की बाहेरच्या लेथचा आवाज दूरच्या गावातून आल्यासारखा वाटे.

या खोलीच्या कोपऱ्यात मेणानं भरलेलं एक पिंप होतं. मेणाच्या पोटात न्यूट्रॉन सोडणारी करंगळीएवढी नळी पुरलेली होती. समोर मोजणीचं यंत्र, आणि दोहोंच्या मध्ये एक खाच. खाच रिकामी असली की यंत्र ताडताड वाजत राही. खाचेत बोरॉनचा पत्रा सरकवला की तो न्यूट्रॉन गिळून टाकी आणि आवाज एकदम ओसरे. मग मध्येच कधी एखादा टिक्, बऱ्याच वेळानं आणखी एक. कधी येईल याचा नेम नसे. नेम नसणं हेच त्या आवाजाचं लक्षण होतं. यामिनीचा कान त्याला इतका सरावला होता, की ती त्यात डबाही खाई.

हे पत्रे येत एका अणुकेंद्रातून. केंद्राचं नाव सांगायचं कारण नाही. तिथं वापरून झालेलं इंधन एका खोल हौदात, पाण्याखाली, लोखंडी खणांत उभं करून ठेवलेलं असे. खण एकमेकांना लागून, म्हणून प्रत्येक दोन खणांच्या मध्ये बोरॉनचा पत्रा घातलेला. एका खणातून निघालेलं दुसऱ्यात पोचू नये, सगळं शांत राहावं, यासाठी. पण पाण्यात वर्षानुवर्षं राहून पत्रेही झिजतात. बसवलेले पत्रे उपसून पाहता येत नाहीत, म्हणून त्याच पत्र्याच्या काही पट्ट्या हौदात दोरीला टांगून ठेवत आणि अधूनमधून एक काढून, धुऊन, गिंडीला धाडत. पट्टी ठीक तर आतले पत्रे ठीक. तसा अहवाल यामिनी लिही आणि खाली सही करी.

पट्टीचं पाकीट नेहमी हंबीरराव स्वतः उघडत आणि मग तिच्याकडे देत. पण दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात ते नात्यातल्या एका लग्नाला तंजावरला गेले होते. पाकीट थेट यामिनीच्या टेबलावर आलं.

तिनं पट्टी बाहेर काढली आणि जराशी थबकली. आजवरच्या सगळ्या पट्ट्या गुळगुळीत असत. हिच्या अंगावर फोड होते. तव्यावर पापड फुगावा तसे, काही मिरीएवढे, एक तर लिंबाएवढा. पाण्यात राहून पत्र्यात वायू धरतो हे तिनं वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. तिनं पट्टी खाचेत सरकवली. आवाज ओसरला. ती पेन उघडून बसली.

टिक् टिक्. मग थांबून, टिक्.

तिनं मान वर केली. थोड्या वेळानं पुन्हा. टिक् टिक्. थांबून, टिक्.

२

पहिल्यांदा तिला हसू आलं. कुठंतरी तार सैल असणार. तिनं तारा काढून पुन्हा घट्ट बसवल्या. पंखा बंद केला. शेजारच्या कारखान्यात जाऊन तिनं आपल्या मोडक्या तमिळमध्ये लेथ थोडा वेळ थांबवायची विनंती केली आणि त्या माणसांनी ती मानली. खोलीत येऊन दार लावलं. ठेका तोच.

मग तिनं फोडांची पट्टी काढून कपाटातली जुनी, गुळगुळीत पट्टी खाचेत घातली. आवाज पूर्वीसारखा विस्कळीत झाला. फोडांची पट्टी परत घातली, आणि तिला वाटलं, आता ठेका जरा घाईनं आला. वाट पाहत असल्यासारखा.

हे वाटणं तिला आवडलं नाही. ती नाशिकची, शास्त्राची पदवीधर, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून झोप उडणाऱ्यांतली नव्हे. न्यूट्रॉन निघतात ते कुणाच्या मर्जीनं निघत नाहीत. त्यांना ठेका नसतो. असेल तर दोष यंत्राचा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाचा. हे तिनं स्वतःला दोनदा समजावलं. तरी त्या दुपारी डबा खायला ती पुढच्या दालनात जाऊन बसली.

हंबीरराव दुसऱ्या दिवशी परतले आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. हंबीरराव तंजावरच्या भोसले-घराण्याच्या दूरच्या शाखेतले, तंजावरी वळणाची मराठी बोलणारे, सत्तरीचे, ताठ कण्याचे. यामिनी लग्न होऊन मद्रासला आली तेव्हा तिला तमिळचा गंध नव्हता. एका हळदीकुंकवाला तिची मराठी ऐकून हे गृहस्थ थांबले, चौकशी केली आणि पुढच्याच आठवड्यात तिला नोकरी दिली. तिचे वडील गेले तेव्हा नाशिकच्या गाडीत बसवून द्यायलाही तेच आले होते. ती त्यांना काका म्हणे, आणि ते म्हणण्यापुरतं नव्हतं.

ते खोलीत आले, हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. यंत्र वाजत होतं, टिक् टिक्, थांबून टिक्, आणि यामिनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"मला काही वेगळं ऐकू येत नाही की," ते म्हणाले. "एकूण आकडा किती आला?"

आकडा नेहमीपेक्षा थोडा जास्त, पण मर्यादेच्या आत होता. ती तसं म्हणाली.

"मग झालं तर. आकडा पाहावं बाळ, आवाज कशाला ऐकतेस?" त्यांनी पट्टी खाचेतून काढली, रुमालात गुंडाळली आणि फोड भिंगाखाली पाहतो म्हणून आपल्या खोलीत घेऊन गेले. रुमालाची घडी घालताना त्यांनी फोडांना बोट लागू दिलं नाही, एवढं मात्र तिच्या नजरेतून सुटलं नाही.

३

सकाळी पट्टी तिच्या टेबलावर परत आली होती. रुमाल तोच, पट्टीवर ठोकलेला क्रमांक तोच. फोड नव्हते.

यामिनीनं ती उलटीसुलटी करून पाहिली. मग क्रमांकावरून बोट फिरवलं. ठोकलेल्या आकड्यांच्या कडा टोचल्या. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या धातूच्या कडा टोचत नाहीत. तिनं पट्टी दिव्याखाली धरली. आकड्यांच्या खाचा आतून चकचकत होत्या.

ती बसली. कपाटातली जुनी पट्टी काढली आणि दिव्याखाली धरली. तिच्याही खाचा स्वच्छ होत्या. त्यामागच्या वर्षीची पाहिली, त्यामागचीही. ती फोडांची सोडली तर इतकी वर्षं तिनं तपासलेल्या पट्ट्यांपैकी एकीनंही हौदाचं पाणी पाहिलेलं नव्हतं. आणि प्रत्येक पट्टीमागे तिनं लिहिलं होतं की आतले पत्रे उत्तम आहेत.

भिंतीपलीकडे हंबीररावांचा आवाज येत होता. ते फोनवर कुणाशी तरी लग्नातल्या जेवणाबद्दल मजेत बोलत होते. यामिनी उठली, डोकं दुखतंय असा निरोप ठेवून निघाली आणि भर दुपारच्या रिकाम्या इलेक्ट्रिक ट्रेननं मांबलमला उतरली. पुलावरून वेस्ट मांबलमच्या बाजूला, घराशी येईपर्यंत तिला उन्हाची जाणीवच झाली नाही.

४

तिचा नवरा रविकांत बँकेतून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती. तिनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली आणि सगळं बोलून टाकलं. पट्टी, फोड, नव्यानं ठोकलेला क्रमांक. आवाजाबद्दल ती शेवटी बोलली, जरा ओशाळून. त्या आवाजाला एक ठेका आहे, एवढंच म्हणाली. कसला, ते तिनं सांगितलं नाही.

रविकांतनं शांतपणे ऐकून घेतलं. काकांचं काहीतरी कारण असेल, तू थकली आहेस, कत्तिरीच्या, ऐन मे महिन्यातल्या उन्हात सगळ्यांचीच डोकी फिरतात, असं म्हणाला. तिलाही ते ऐकून बरं वाटलं. घरात कुणीतरी शहाणं आहे असं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरून पाण्याच्या लॉरीबद्दल विचारत होते. रविकांत बोलू लागला. एका हातात फोन, दुसरा कॉफीच्या पेल्याखालच्या स्टीलच्या दबऱ्यावर. तमिळमध्ये तो लॉरी कधी येणार ते सांगत होता आणि त्याची बोटं दबऱ्याच्या काठावर वाजत होती.

टक टक. थांबून, टक.

यामिनी ओट्याला टेकून उभी होती. ती तशीच उभी राहिली. फोन ठेवून रविकांत वळला आणि तिचा चेहरा पाहून त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. हात त्यानं टेबलाखाली घेतला.

"कधी ऐकलंस?" तिनं विचारलं.

त्यानं दुसऱ्या हातानं दबरा दूर सारला. मग म्हणाला, "काकांनी बोलावलं होतं एका रविवारी. तू नाशिकला होतीस."

पहिल्याच पट्टीपासून काकांनी तिला बदललेल्या पट्ट्या दिल्या होत्या, आणि हे रविकांतला त्या रविवारपासून माहीत होतं. घरातल्या कुणाला तरी माहीत असावं, म्हणजे तिला कधी शंका आलीच तर समजूत घालता येईल, असं काका म्हणाले होते. हे सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. "एकदा ऐकलं की जात नाही, यामिनी. बँकेत नोटा मोजतानासुद्धा ते तसंच येतं. तुला ते नको होतं मला."

तिनं त्याच्यापुढची कॉफी उचलली आणि मोरीत ओतली. भांड्याला पाणी लावलं. हे करताना आपण का करतो आहोत हे तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की या घरात इतके दिवस आपल्याबरोबर जेवायला बसणारा माणूस रोज आपल्यापासून काहीतरी लपवत जेवत होता.

५

हंबीररावांनी काहीच नाकारलं नाही. तिला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले.

पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः पट्टी तपासली होती आणि जे ऐकलं ते केंद्राला जसंच्या तसं कळवलं होतं. तिथून माणसं आली. त्या मागच्या खोलीत बसून त्यांनीही ऐकलं. पत्रे बदलायचे तर हौद उपसायला हवा, आणि फुगलेल्या पत्र्यांनी इंधन खणांत असं धरून ठेवलं होतं की ते सुटेना. त्या माणसांपैकी एकानं नोकरी सोडली. एक जण वर्षभरानं गेला, कशानं ते हंबीररावांनी सांगितलं नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की अहवाल उत्तम यावेत.

"मग सही तुम्हीच करायची होती," यामिनी म्हणाली.

"मी केलो असतो तर कोणी मानलं नसतं. माझा हात कापतो सही करताना." ते तिच्याकडे बघत म्हणाले. "तुझ्या सहीला कोणी शंका घेत नाही बाळ. कारण तुला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं माणूस लागतं त्याला."

तिला वाटलं, आता ते माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. उलट त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले की इतकी वर्षं त्यांनी तिला त्या आवाजापासून राखलं. स्वतःच्या मुलीला राखावं तसं राखलं. यामिनीला आठवलं, नाशिकच्या गाडीच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी तिच्या हातात केळ्याच्या पानात बांधलेला दहीभात दिला होता. तो दहीभात खरा होता. हेही खरं होतं. दोन्ही एकाच हाताचं, आणि तिला त्यातलं एक फेकून दुसरं ठेवता येईना.

"काका," ती म्हणाली, "पलीकडे काय आहे?"

"पत्रा आहे तोवर विचारायचं कारण नाही."

"आणि पत्रा संपला की?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

६

पट्ट्या धाडणारा अभियंता सेतुमाधवराव म्हणून होता. तोही तंजावरकडचा, केंद्रात हौदाची देखभाल त्याच्याकडे. पाकिटांवर त्याचं नाव असे. यामिनीनं त्याला फोन केला आणि पट्ट्या बदलल्या जातात एवढंच सांगितलं. तिला वाटलं, निदान या माणसाला फसवलं गेलं असेल. याला सांगितलं की हा हलेल. त्यानं तिला यायला सांगितलं, आत जायचा परवाना काढून ठेवला आणि फाटकावर स्वतः घ्यायला आला. उंच, वाकलेला, कपाळावर माध्व लोक लावतात ती काळी अंगाररेषा.

हौदाच्या इमारतीत दिवसाही दिवे होते. पांढरे कपडे, बुटांवर पिशव्या, छातीला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला. मोठ्या देवळाच्या तळ्याएवढा हौद, आणि पाणी इतकं स्वच्छ की नसल्यासारखं. खाली, फार खाली, खणांची चौकोनी तोंडं रांगांनी उभी होती आणि त्यांच्यातून निळा उजेड येत होता. कठड्याशी तीन-चार माणसं उभी होती. कुणी काही करत नव्हतं. यामिनी आली तसं त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंडं केली. त्यांचे हात कठड्यावर होते, आणि तिनं त्या हातांकडे पाहायचं टाळलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती सेतुमाधवरावांना म्हणाली.

"मी दर वेळी खरीच पट्टी धाडलो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या इमारतीत विरून गेला. "ते बदलत होते. या वेळी हंबीरराव गावाला आहेत कळलं. म्हणून त्याच आठवड्यात धाडलो. तुम्ही उघडाल म्हणून."

"का?"

"एकट्यानं ऐकवेना, बाई. नवं कोणी तरी पाहिजे होतं."

तेव्हा तिला कळलं की याही माणसाला तिची सुटका करायची नव्हती. त्याला नुसती सोबत हवी होती. ती वळून जायला निघाली. पण जाताना माणूस एकदा पाहतोच, तसं तिनं खाली पाहिलं.

पलीकडच्या कोपऱ्यातले खण रिकामे होते. त्यात कधी काही ठेवलेलंच नाही, असं मघाशी हौदाच्या दारातल्या फलकावर नकाशात दिसत होतं. तिथं अंधार असायला हवा होता. तिथंही निळा उजेड होता, गॅसच्या बारीक ज्योतीसारखा, आणि तो खणांतून येत नव्हता. दोन खणांच्या मधल्या फटीतून येत होता, जिथं पत्रा असायचा. उजेड मिणमिणत होता. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा.

मग तो झाकला गेला. दाराच्या फटीतून पाहताना आतून कुणी दारापुढून जावं, तसा.

तिनं वाट पाहिली. जाणारं माणूस पुढं निघून जातं आणि फट पुन्हा उजळते. ही उजळली नाही. आतल्यानं फटीला डोळा लावला की ती जशी राहते, तशी ती काळी राहिली.

कठड्यावरची बोटं थांबली होती. सगळी एकदम.

"बाई," सेतुमाधवराव हळूच म्हणाला, "आता तिकडे पाहू नका. ते तुम्हाला ओळखून घेतं आहे."

७

यामिनीनं त्या वर्षीच्या अहवालावर सही केली नाही. हंबीररावांनी आग्रह केला नाही. नोकरी सोडली तेव्हा त्यांनी साडी पाठवली, ती तिनं परत केली. सरकारच्या एका कचेरीत जाऊन तिनं सगळं सांगितलं. तिथल्या साहेबानं नीट ऐकून घेतलं आणि आजवरच्या तिच्याच सह्यांचे अहवाल तिच्यापुढं मांडले. यातलं कुठलं खोटं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, सगळे. त्यानं तिच्याकडे दयेनं पाहिलं आणि रविकांतला फोन लावू का, असं विचारलं.

रविकांतबरोबर ती राहत होती. दुसरं कोण तिला समजून घेणार होतं? दोघं जेवताना रेडिओ लावत, मोठ्यानं. आवाजाबद्दल बोलत नसत. तिचं माहेर आता भावाचं होतं आणि तिथं हा आवाज बरोबर नेण्याची तिची छाती नव्हती.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी, एका रविवारी सकाळी, एक मुलगी त्यांच्याकडे आली. कीर्तना नाव, तंजावरच्या रेल्वेतल्या माणसाची मुलगी, नुकतीच शिकून निघालेली. वेणीत मोगऱ्याचा गजरा, हातात फळांची पिशवी. तिची मराठी अडखळत होती, मध्येच तमिळ येई आणि मग ती स्वतःच लाजे. हंबीररावांनी तिला मागच्या खोलीत घेतलं होतं. तुम्ही आधी तिथं होतात, काम समजावाल, असं काका म्हणाले म्हणून ती आली होती.

यामिनीनं तिला बसवलं, कॉफी दिली. मुलगी भरभरून बोलत होती. तिची ही पहिलीच नोकरी. काका किती चांगले, जेवलीस का म्हणून रोज विचारतात. पट्टी आली होती, तिनं तपासली. अगदी गुळगुळीत, जरासुद्धा डाग नाही.

"अक्का, एक विचारू?" ती म्हणाली. "काम इतकं सोपं असतं का? मी काही चुकवत तर नाही ना? एवढ्या मोठ्या जागेचं, आणि सही माझी. भीती वाटते."

यामिनी इतके महिने याच क्षणाची तयारी करत होती. कुणीतरी येईल आणि विचारील, हे तिला ठाऊक होतं. सांगायचे शब्दही तिनं ठरवून ठेवले होते. क्रमांकावरून बोट फिरवून पाहा, एवढंच. पुढचं ती मुलगी स्वतः शोधेल.

आतल्या खोलीत रविकांत पेपर वाचत होता. पानाचा आवाज थांबला.

कीर्तना तिच्याकडे पाहत होती. डोळे स्वच्छ, रात्रभर नीट झोपलेल्या माणसाचे. हे डोळे असे राहणार नाहीत, यामिनीच्या मनात आलं. हिला सांगितलं की ही ऐकणार. ऐकलं की एक दिवस त्या कठड्याशी जाऊन उभी राहणार. आणि नाही सांगितलं तर हिची सही तिथं जात राहणार, वर्षामागून वर्षं, पत्रा संपेपर्यंत. दोन्ही तिला लख्ख दिसत होतं. हंबीररावांनाही कधीतरी असंच लख्ख दिसलं असेल, आणि समोर यामिनी बसली असेल, नुकतं लग्न झालेली, नाशिकची मराठी बोलणारी.

"सोपंच आहे," यामिनी म्हणाली. "मन लावून करत जा. तू काही चुकवत नाहीस."

मुलीचा चेहरा उजळला. ती उठली, पदर सावरला आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं वाकून यामिनीच्या पायांवर डोकं टेकलं.

आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. यामिनीनं हात पुढं केला, त्या मोगऱ्याच्या गजऱ्यावर ठेवला आणि तिला आशीर्वाद दिला.